रविवारची सायकल आणि सोमवारचा पाडा

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास शहाडचा पूल ओलांडून मुरबाडच्या दिशेने निघावे, तर रस्त्यावर एक नवे दृश्य दिसते. अंगात घट्ट रंगीत जर्सी, डोक्यावर हेल्मेट, सायकलच्या मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, अशा थाटात पाच-सात जणांचे तांडे एकामागून एक वरप, कांबा ही गावे मागे टाकत रायत्याला उल्हास नदीच्या पुलावर येतात. यांत कुणी बँकेत अधिकारी असतो, कुणी संगणक अभियंता, कुणी डॉक्टर, तर कुणी नुकताच निवृत्त झालेला शिक्षक. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुलुंड येथून निघालेली ही मंडळी आठ वाजेपर्यंत सरळगावच्या टपरीवर वडापाव आणि चहा घेत असतात. तेथून कुणी टोकावडे, वैशाखरे करीत माळशेजच्या पायथ्याकडे जातो, तर कुणी डावीकडे वळून किन्हवलीमार्गे शहापूर गाठतो आणि आसनगावावरून मुंबई-नाशिक महामार्गाने परततो. दुपारी बाराच्या आत घरी. शंभर किलोमीटरच्या आसपासची ही फेरी पूर्ण केल्याचे समाधान मोठे असते आणि ते योग्यही आहे.

त्याच रस्त्यावर सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, तर दुसरीच सायकल भेटते. काही महिन्यांपूर्वी किन्हवली रस्त्यावरील एका फाट्याशी मी थांबलो होतो. शाळेच्या गणवेशातली, नववी-दहावीतली एक मुलगी सायकल हाताने ढकलत येत होती. मागच्या चाकात हवा नव्हती. कॅरिअरला दप्तर सुतळीने बांधलेले.

"काय झाले बाळ?" मी विचारले.

"पंक्चर हाय काका."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मग रोज अशीच ढकलत नेतेस?"

"नाय. रोज चालत जाते. आज टेम्पो शहापूरला जानार हाय, त्यात टाकायचीय."

दिवाळीच्या आधीपासून! पंक्चरला लागतात फार तर पंधरा मिनिटे आणि थोडेसे रुपये. परंतु त्या पंधरा मिनिटांच्या कामासाठी एक मुलगी कित्येक महिने चालत शाळेत जात होती, कारण तिच्या गावात आता पंक्चर काढणारा राहिलेला नाही. मला त्या क्षणी आठवण झाली ती आदल्याच दिवशी त्याच फाट्यावरून गेलेल्या तीस-चाळीस सायकलस्वारांची. त्यांतील प्रत्येकाच्या सीटखाली एक छोटी पिशवी होती आणि त्या पिशवीत पंप, पट्टी, सोल्युशन, जादा ट्यूब असे सारे काही होते. रविवारची सायकल आणि सोमवारची सायकल एकाच रस्त्यावरून जातात. पण त्यांची भेट होत नाही. या न होणाऱ्या भेटीविषयी आपण सर्वांनीच विचार करावा, असे मला वाटते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नगरातील मध्यमवर्गाने पुन्हा सायकलवर बसावे, ही अत्यंत स्वागतार्ह घटना आहे. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते मोकळे झाले, व्यायामशाळांना कुलुपे लागली आणि अनेकांनी अडगळीतली सायकल बाहेर काढली किंवा नवी घेतली. त्या काळात लागलेले हे वेड कित्येकांत टिकले. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी वस्तीला आलेले असताना पन्नाशीचा गृहस्थ रविवारी दुपारपर्यंत लोळत न पडता शंभर किलोमीटर सायकल मारून येतो, हे समाजस्वास्थ्याचे लक्षण आहे. यात महाराष्ट्राने पराक्रमही केले आहेत. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जगातील अत्यंत खडतर शर्यत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली. हे वाचून ज्याची मान ताठ होणार नाही, तो मराठी माणूस कसला?

तेव्हा 'हे श्रीमंतांचे चोचले आहेत' असे म्हणून या मंडळींना मोडीत काढणाऱ्यांपैकी मी नाही. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाला जी गोष्ट बाहेर काढते, घाम गाळायला लावते आणि खेड्याच्या रस्त्यावर आणून सोडते, ती गोष्ट चांगलीच. प्रश्न एवढाच की, त्या रस्त्यावर आल्यावर त्याला दिसते काय?

इतिहास डाव्या हाताला, इतिहास उजव्या हाताला

शहापूर आणि मुरबाड हे तालुके म्हणजे शहरवासीयांच्या लेखी बहुधा 'मुंबईपासून दोन तासांवरचा निसर्ग'. पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात सायकल, उन्हाळ्यात काही नाही. वास्तविक या चाळीसएक किलोमीटरच्या पट्ट्याएवढा अर्थगर्भ प्रदेश महाराष्ट्रातही विरळाच.

आसनगावाहून दिसणारा माहुली घ्या. त्याच्या नवरा-नवरी सुळक्यांचे छायाचित्र प्रत्येक सायकलस्वाराच्या भ्रमणध्वनीत असते. परंतु १६३५-३६ मध्ये बुडती निजामशाही सावरण्याचा अखेरचा झगडा शहाजीराजांनी दिला, तो याच गडाच्या आश्रयाने. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुली होता. १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा माहुलीवरील पहिला हल्ला फसला आणि मोठी प्राणहानी झाली. तरीही त्याच वर्षी मराठ्यांनी पुन्हा चढाई करून गड घेतला. अपयश पचवून पुन्हा उठणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाची महागडी शिबिरे करण्याची आवश्यकता नाही. माहुलीच्या पायथ्याशी अर्धा तास शांत बसले तरी पुरे.

तिकडे मुरबाडच्या पूर्वेला वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे आणि पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची व दानांची नोंद आहे. भारतीय अंकलेखनाच्या अत्यंत प्राचीन खुणांपैकी काही या भिंतीवर आहेत. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही माथ्यावर उभा आहे. आपल्या सायकलच्या छोट्या पडद्यावर किलोमीटरचे जे आकडे धावतात, त्या अंकांचे पूर्वज वरच्या कातळात कोरलेले आहेत, हे किती जणांना ठाऊक असते?

आणि सिद्धगड. माथेरानच्या सामान्य नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारणारे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९४२ च्या लढ्यात भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला तेथे लोक जमतात. गावोगावची माणसे थंडीत रात्र काढून पहाटेच्या मानवंदनेला उभी राहतात. शहरातील किती मंडळांच्या वार्षिक नियोजनात ही तारीख आहे, याचा शोध घेतला तर उत्तर फारसे सुखावह मिळणार नाही.

हा इतिहास केवळ दगडांत नाही. तो ज्या भूमीत घडला, तेथील माणसे आजही काही घडवीत आहेत. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. त्याच तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये रोकडविरहित व्यवहारांसाठी देशभर गाजले. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठानचा त्या प्रयत्नात पुढाकार होता. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत आजही गुरांचा बाजार भरतो आणि घोंगड्यांचे ढीग लागतात. हे सारे त्या रविवारच्या रस्त्याच्या दोन्ही हातांना आहे. पण ताशी तीस किलोमीटरच्या वेगाचा ध्यास लागलेल्या डोळ्यांना समोरच्या चाकापलीकडे काही दिसत नाही. मोटारीतून जाणारा जसा पाहत नाही, तसाच सायकलवरून जाणाराही पाहणार नसेल, तर वाहन बदलून काय साधले?

बाटलीतले पाणी

सायकलस्वाराच्या दांडीला पाण्याची बाटली अडकवलेली असते. घरून निघताना ती नळाखाली भरलेली असते. मुलुंडच्या किंवा मुंबईतल्या कुठल्याही घरच्या नळाला येणारे ते पाणी कोठून येते? तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्ये झाला. पुढे भातसा धरण झाले आणि आज मुंबईच्या दैनंदिन पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. २०१४ मध्ये मध्य वैतरणेची भर पडली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे ही महानगरी शहापूरच्या आणि त्याच्या शेजारच्या डोंगरांचे पाणी पीत आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर मार्च-एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेतलेली माउली जलवाहिनीच्या कडेकडेने चालत असते. हे दृश्य एकदा पाहिले की बाटलीतल्या पाण्याची चव बदलते.

मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये तानशाच्या जलवाहिनीच्या कडेने शहरात ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याची योजना मांडली होती. योजना उत्तम होती. परंतु ती वाहिनी जेथून निघते, त्या टोकाला सायकलच नव्हे, तर पाणीही दुर्मीळ आहे, याचे भान त्या योजनेच्या जाहिरातीत नव्हते. मुरबाडमध्ये काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वनविषयक परवानगीच्या प्रश्नावरून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. शहरांना पाणी लागणार, हे खरे. त्यासाठी धरणेही लागतील. पण घेणाऱ्याने देणाऱ्याला ओळखावे, ही आपल्या संस्कृतीची किमान अपेक्षा आहे. यज्ञातही आहुती घेणाऱ्या देवतेचे आणि देणाऱ्या यजमानाचे नाते असते. येथे तर घेणाऱ्याला देणाऱ्याचे गावही ठाऊक नाही.

नगरवासी, ग्रामवासी आणि वनवासी असे तीन समाज नाहीत. समाज एकच आहे, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. १९५२ मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले, ते याच श्रद्धेतून. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर ही श्रद्धा दर रविवारी कसोटीला लागते. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्या याच रस्त्याला लागून आहेत. दिवाळी सरली की कातकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाड्यावरची दारे बंद होतात. सायकलवरून जाणाऱ्याला ते बंद दार दिसले आणि 'ही माणसे कुठे गेली?' एवढा प्रश्न पडला, तरी समरसतेच्या दहा भाषणांचे काम झाले असे मी म्हणेन.

कार्यकर्त्याची सायकल

येथे थोडे आपल्या स्वतःकडेही पाहिले पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या घरी महिन्यातून एकदा तालुक्याचे एक कार्यकर्ते येत. त्यांची सायकल हिरव्या रंगाची, चोवीस इंची होती. हँडलला कापडी पिशवी, कॅरिअरला गुंडाळलेली सतरंजी आणि पँटच्या पायाला चेनपासून वाचवणारी क्लिप. नगरपालिकेचा कराचा बिल्ला पुढे लावलेला असे. आम्ही मुले मधल्या दांडीखालून पाय घालून त्याच सायकलवर शिकलो. ते आले की माझी आई आधी त्यांना पाण्याचा तांब्या देई आणि मग विचारी, "आज कुठून?" उत्तरात चार गावांची नावे असत आणि प्रत्येक गावासोबत एक बातमी. अमक्याच्या घरी लग्न निघाले, तमक्याचा बैल गेला, एका पाड्यावर मास्तर येत नाहीत. त्यांच्या वहीत आकडे थोडे आणि माणसे पुष्कळ असत.

आज आपले काम वाढले, व्याप वाढला. जिल्ह्याच्या कार्यकर्त्याने सायकलवरूनच फिरावे, असा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. चारचाकी ही सोय आहे आणि सोयीचा उपयोग कामासाठीच होत असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट गेली आणि ती गेल्याची आपण पुरेशी नोंद घेतली नाही. मोटार बैठकीच्या दारापासून बैठकीच्या दारापर्यंत जाते. वाटेतला माणूस तिला लागत नाही. सायकल मात्र चढावर उतरावी लागते, उतरले की शेजारून चालणारा 'कुठले तुम्ही?' विचारतो आणि संपर्क सुरू होतो. संपर्क हा शब्द आपण फार वापरतो. त्याचा चढाशी असलेला संबंध मात्र विसरलो.

याउलट एक सावधगिरीही हवी. खेड्यातील तरुणाला उद्देशून कुणी 'तुम्ही सायकल का सोडलीत?' असे प्रवचन करू लागला, तर त्याला हात जोडावेत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी सातच्या पाळीला पोहोचायचे, संध्याकाळी परत येऊन भाताच्या खाचरात उतरायचे, वेळीअवेळी घरच्या आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे; त्याला मोटारसायकल हवीच. त्याच्या वडिलांनी सायकल चालवली ती हौसेने नव्हे, दुसरे काही परवडत नव्हते म्हणून. गरिबीची सायकल आणि निवडीची सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या दारात मोटार आहे, त्याच्या सायकलला व्रताचे मोल येते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला व्रत सांगणे हा उपहास ठरतो.

म्हणूनच सायकलचे खरे मोल आज कुणासाठी आहे, असे विचाराल तर मी त्या पंक्चर सायकल ढकलणाऱ्या मुलीकडे बोट दाखवीन. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या योजनेमुळे मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील प्रवेशाची तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एका दुचाकी यंत्राने जे केले, ते अनेक घोषणांना जमले नव्हते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. शासनाने सायकल दिली. पण सायकल दिली म्हणजे सायकल चालती राहिली असे नव्हे. मोटारसायकली वाढल्या तशी खेड्यातली सायकलची दुकाने बंद पडली. छर्रे बदलणारा, आरे ताणून चाक सरळ करणारा, पत्र्याच्या घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा कारागीर नाहीसा झाला. मग पहिल्या पंक्चरला सायकल पडवीत जाते, दुसऱ्या पावसात गंजते आणि तिसऱ्या वर्षी शाळा सुटते. आठवीनंतर मुलगी घरी का बसली, याच्या कारणांची यादी करताना 'पंक्चर' हा शब्द कुठल्याही अहवालात येत नाही.

करण्याजोगे काही

रविवारच्या सायकलस्वारांनो, येथे तुमची गरज आहे. तुम्हाला सायकल कळते. चेनला तेल कधी द्यायचे, ब्रेकची तार कशी ताणायची, ट्यूबला पट्टी कशी लावायची, हे तुम्ही हौसेने शिकला आहात. तुमच्या दहा जणांच्या गटाने मार्गावरील एक शाळा निवडावी. शाळेत एक उभा पंप, पान्ह्यांचा संच, सोल्युशनच्या नळ्या आणि रबराच्या पट्ट्या ठेवाव्यात. याचा सारा खर्च तुमच्यापैकी एकाच्या सायकलच्या बुटांपेक्षा अधिक होणार नाही. मुख्याध्यापकांशी बोलून महिन्यातील एक शनिवार ठरवावा आणि आठवी-नववीच्या मुलींना पंक्चर काढायला शिकवावे. त्यांची सायकल तुम्ही दुरुस्त करून देऊ नये. त्यांना दुरुस्त करायला शिकवावे. दान आणि सेवा यांतला फरक तोच आहे. यासाठी कुठल्या नोंदणीकृत संस्थेची, फलकाची किंवा उद्घाटनाची आवश्यकता नाही.

दुसरे, खर्च गावात करावा. घरून आणलेली परदेशी बिस्किटे खाऊन, त्यांची वेष्टने काळूच्या काठी टाकून परतणाऱ्यापेक्षा बचत गटाच्या भगिनींकडून नाचणीची भाकरी आणि पिठले घेणारा पाहुणा गावाला हवासा वाटतो. पाच गटांनी एका गावाला दर रविवारची शाश्वती दिली, तर तेथे चार घरांचा व्यवसाय उभा राहील. मग पावसाळी धिंगाण्याला कंटाळून प्रशासनाला धबधब्यांवर बंदी घालावी लागते, तसल्या पर्यटनाला हे चोख उत्तर होईल. स्वदेशीचा विचारही येथे करावा. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीने आपला अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद केला. लाखांची परदेशी सायकल घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण आपल्या मुलाची पहिली सायकल तरी देशी असावी, एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे.

तिसरी गोष्ट शासनाकडे मागण्याची. कल्याण-मुरबाड-माळशेज हा ६१ क्रमांकाचा आणि शहापूर-मुरबाड-कर्जत हा ५४८-अ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून ७०१ किलोमीटरच्या त्या भव्य रस्त्याने नागपूर जवळ आले. याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण समृद्धीवर सायकल चालत नाही, चालूही नये; म्हणूनच बाकीच्या रस्त्यांवर तिला जागा हवी. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पादचारी ३२ हजारांहून अधिक होते आणि सायकलस्वार पाच हजारांच्या आसपास. शाळा असलेल्या प्रत्येक गावाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटर रस्त्याची कडा सलग, डांबरी आणि खड्ड्यांविना असावी, रुंदीकरणात गेलेल्या झाडांच्या जागी वड, पिंपळ, करंज, आंबा लागावेत आणि जगावेत, एवढी मागणी मोठी नाही. ती मुंबईच्या सायकलस्वाराने केली तर वर्तमानपत्रात छापून येते. पाड्यावरच्या मुलीने केली तर कुणी ऐकत नाही. म्हणून ती तुम्ही करावी, तिच्या नावाने करावी.

आपल्या परंपरेत प्रवासाला यात्रा म्हणतात. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी उजव्या हाताला ठेवून चालतो आणि काठावरच्या गावांनी दिलेले अन्न खातो. तो गावांचा ग्राहक नसतो, ऋणी असतो. पंढरीचा वारकरी वाटेतल्या प्रत्येकाला 'माउली' म्हणतो, कारण वाट आपल्या मालकीची नाही हे त्याला ठाऊक असते. खेळ, व्यायाम आणि विक्रम यांच्या पलीकडे सायकलीला यात्रेचा हा भाव आला, तर तिचे सार्थक होईल. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी आणि नागरिक कर्तव्य या पाच परिवर्तनांची चर्चा घरोघरी झाली. चर्चा पुष्कळ झाली. आता आचरणाची सोपी वाट कोणती, असे कुणी विचारत असेल, तर मी म्हणेन की एका रविवारी मुलाला आणि मुलीला बरोबर घेऊन शहापूर-मुरबाड रस्त्यावर सायकलने निघा. वेग थोडा कमी ठेवा. पाचही विषय वाटेत भेटतील.

त्या दिवशी फाट्यावर टेम्पो आला नाही. माझ्या गाडीत पंप नव्हता, सोल्युशन नव्हते. चारचाकीवाल्याकडे असते ते फक्त घाई. ती मुलगी सायकल तिथल्याच एका झाडाला टेकवून, दप्तर पाठीला लावून चालत शाळेकडे गेली. शाळा तेथून तीन किलोमीटर होती आणि घंटा व्हायला अर्धा तास उरला होता. गेल्या रविवारी मी मुद्दाम त्याच फाट्यावर थांबून, वेगात निघालेल्या एका तांड्याला हात केला. त्यांतले तिघे थांबले. त्यांना शाळेचे नाव आणि रस्ता लिहून दिला आहे. ते जातील की नाही, ते मला ठाऊक नाही. आपण जाल का?